आंबेडोहची नाव

आंबेडोह,
ता. ९ मे १९४४

प्रिय मानसिंग,

सप्रेम नमस्कार. तुला साताऱ्याच्या कचेरीत जागा मिळाल्याचं वडूजकडच्या एका पाव्हण्याकडून कळलं. सांगलीच्या बोर्डिंगात तू म्हणायचास, "मी साहेब होणार." साहेब नाही तर साहेबाच्या दारापर्यंत तरी पोचलास. म्हणून तुलाच विचारतोय.

तू सुट्टीत आमच्याकडे यायचास तेव्हा आपण नावेतून पलीकडे जायचो, आठवतं? तीच नाव अजून चालू आहे. अलीकडे आम्ही सातारा जिल्ह्यात, पलीकडे सांगली संस्थान. बाजार पलीकडे, डॉक्टर पलीकडे, पोरांची मोठी शाळा पलीकडे. नाव तेवढी तुमच्या कचेरीची.

परवा तुमचे ओव्हरसियर लालासाहेब नाव तपासायला आले होते. पावसाळ्याआधी दरसाल नाव वाळूवर ओढायची, साहेबांनी तिचा तळ बघायचा, मगच चार महिने माणसं न्यायला परवानगी, असा नियम. नियम चांगला आहे. नावाडी जोतिबा अंबीनं माणसं लावून नाव ओढून ठेवली होती. पण साहेब काठावर उतरलेच नाहीत. करंजाखाली खुर्ची टाकायला लावली, शिपायानं डोक्यावर छत्री धरली. आमच्या मळीतली वांगी आणि गुळाची ढेप आधीच गाडीत जाऊन बसली. मग जेवण, मग सुपारी, आणि सुपारी कातरता कातरता सही. नाव सुस्थितीत आहे!

गड्या, छत्रीखाली बसवलेला गणपती नुसता. समोर ठेवाल ते खातो, जागचा हलत नाही.

जोतिबा हात जोडून म्हणाला, "साहेब, तळच्या दोन फळ्या नरम पडल्यात. आंगठा दाबला तर आत जातोय. एक डाव बघितलं आसतं तर..."

साहेबांनी विचारलं, "गेल्या साली बुडली का?"

"न्हाई जी."

"मग औंदा कशाला बुडंल?"

सगळे हसले. जोतिबाही हसला. त्याचं ते हसणं मला बघवेना. रंगूबाई तिथंच दुधाची घागर घेऊन उभी होती. ही आकारामची बायको. आकाराम ब्रह्मदेशात पलटणीत आहे, आणि ही दोन म्हशींवर घर चालवते, रोज पलीकडे जाऊन दूध घालते. ती मोठ्यानं म्हणाली, "आमी रोज पाय ठेवतो त्या नावंत. साहेबानं एक डाव ठेवावा की." साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आप्पा म्हणतात, "दोन पाट्या वांगी गेली, दुसऱ्या दोन खुडू. एवढ्यासाठी कुणी सरकारदरबारी जातं का?" वांग्यांचं मला काहीच नाही. पाव्हणा म्हणून आला असता तरी दिली असती. पण फळी कुजली आहे ती कुजलीच आहे, आणि ती बघायचा पगार त्यांना मिळतो. अर्ज करायचा तर कुणाच्या नावे करावा, आणि करावा की नाही, ते सांग.

चंदनबाला तुला नमस्कार सांगते. तुझी चेष्टा करायला तिला कुणी मिळत नाही म्हणते.

तुझा,
रामगोंडा


सातारा,
ता. १७ मे १९४४

प्रिय रामगोंडा,

पत्र पोचलं. वाचून फार हसलो. तुझी जीभ अजून तशीच आहे.

विचारलंस म्हणून मोकळेपणी सांगतो. अर्ज करू नकोस. लालासाहेब वाईट माणूस नाही. इथं प्रत्येकजण काही ना काही खातो. हे वांगी खातात, दुसरे शेत खातात. लहान गोष्टीला लहानच ठेवावं. आमच्या वडूजला एक मास्तर होते. तलाठी शाळेच्या आवारात स्वतःची म्हैस बांधायचा, त्यावरून त्यांनी वर लिहिलं. म्हैस आठ दिवस हलली. मास्तरांची बदली कोयनेच्या खोऱ्यात झाली, तिथं शाळेला भिंत नव्हती. मास्तर तिथंच हिवतापानं गेले. म्हैस अजून आहे.

कचेरीत अर्ज आला की आधी अर्जात काय आहे ते कुणी वाचत नाही. अर्ज कुणाचा, ते वाचतात. दिवसही बरे नाहीत. भूमिगत पोरं नदी ओलांडून संस्थानात जातात, असा पोलिसांचा वहीम आहे. तुमच्यासारख्या काठच्या गावाचं नाव जितकं कमी निघेल तितकं बरं.

थोडं डांबर आणि काथ्या आणून जोतिबालाच फळ्या बुजवू दे. मीही इथं आडून आडून बघतो. लालासाहेब कधी कधी माझ्या मेजापाशी येऊन बसतात, बोलतात. माझी नोकरी अजून कायम व्हायची आहे आणि शेरा त्यांच्या मेहुण्याच्या हातात आहे, तेव्हा जरा बेतानंच. पण हसतखेळत बोललं तर माणूस ऐकतो.

वहिनींना नमस्कार. आप्पांना दंडवत. तेच बरोबर बोलले.

तुझा,
मानसिंग


आंबेडोह,
ता. २८ मे १९४४

प्रिय मानसिंग,

तुझं पत्र मी जोतिबाला वाचून दाखवलं. डांबराचं ऐकून तो म्हणाला, "मालक, चार सालामागं मी एक खिळा मारला व्हता. सरकारी नावंला हात लावला म्हणून मलाच दंड झाला. आता मी खिळा मारीत न्हाई. पाणी उपसतो." खरंच गड्या, पलीकडे जाईपर्यंत एक माणूस सारखा पाणी उपसत असतो. पोरींना ते सवयीचं झालंय. पाय वर घेऊन बसतात आणि गाणी म्हणतात.

मग मी अर्ज लिहिला. फळ्या बदलून द्याव्यात, एवढीच मागणी. साहेबांबद्दल एक अक्षर नाही. चावडीपुढे वाचून दाखवला तर निम्मे लोक गप. एकजण म्हणाला, "वाघाच्या मिशीला काडी कशाला लावतोस?" आप्पा उठून घरी गेले. मी कागद हातात धरून उभा राहिलो, आणि पहिली पुढे आली ती रंगूबाई. म्हणाली, "आना हिकडं. नवरा लढाईत मराया भीत न्हाई, मी आंगठ्याला भिऊ व्हय?" तिच्यामागून मग बाकीचे आले. जोतिबानं अंगठा दिला नाही. परवाना जाईल म्हणतो. पण शेवटपर्यंत तिथून हलला नाही.

अर्ज टपालानं रवाना केला आहे. रागावू नकोस. तुझे ते मास्तर अर्जानं मेले, की सगळे गप्प बसले म्हणून मेले, याचा जरा विचार कर.

तुझा,
रामगोंडा


सातारा,
ता. ८ जून १९४४

रामगोंडा,

हे काय करून बसलास! मी बघतो म्हणून लिहिलं होतं ना?

अर्ज आला. मोठ्या साहेबांच्या मेजापर्यंत गेलाच नाही. हेडक्लार्कनं, म्हणजे त्याच मेहुण्यानं, तो काढून लालासाहेबांना दिला. काल साहेब माझ्यापाशी आले, चहा मागवला, आणि तुझ्याबद्दल विचारत बसले. शिक्षण किती, जमीन किती, घरात कोण कोण, गुऱ्हाळ तुमचंच का, पलीकडे पाव्हणे कोण. आवाज चढवला नाही. अगदी गोडीत बोलत होते. मला ते बरं वाटलं नाही.

अजून वेळ गेलेली नाही. गैरसमजातून अर्ज झाला, आमची काही तक्रार नाही, अशा दोन ओळी लिही. मी त्या स्वतः साहेबांच्या हातात देतो. मी त्यांच्याशी आधी सहज बोललो होतो आणि त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. फळ्यांचं कामही कदाचित झालं असतं. आता ते हसत नाहीत.

माझं एवढं ऐक.

तुझा,
मानसिंग


आंबेडोह,
ता. २३ जून १९४४

मानसिंग,

दोन ओळी मी लिहिल्या नाहीत. आता लिहून उपयोगही नाही.

मंगळवारी लालासाहेब आले. खुर्ची नाही, छत्री नाही. भुरभुर पावसात चिखल तुडवत थेट पाण्यापर्यंत चालत आले. नदीला लाल पाणी आलंय. नाव वर ओढायला लावली आणि धोतर खोचून स्वतः खाली वाकले. एकेक फळी काठीनं ठोकून पाहिली. सगळा गाव काठावर गोळा झाला होता. मला वाटलं, झालं आपलं काम. रंगूबाई माझ्याकडे बघून हसली.

साहेब उठले, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "अर्ज अगदी खरा आहे. नाव धोक्याची आहे. तुमच्या रामगोंडा पाटलानं डोळे उघडले म्हणून बरं, नाहीतर माझ्या हातून पाप झालं असतं." मग शिपायाला म्हणाले, "साखळी आण."

नाव करंजाला बांधली. कुलूप लावलं, कुलपावर लाख ओतून मोहोर उठवली. मी विचारलं, "दुरुस्ती कधी?"

"दुरुस्ती कसली? अर्जात धोका म्हटलाय ना? नवीन नाव मंजूर होऊन येईल. दसरा धरून चाला. तोवर मोहोर कुणी मोडली तर फौजदारी होईल."

"तोवर लोकांनी जायचं कसं?"

"पुलावरून जा. पूल काय मी नेलाय?"

पुलावरून वळसा घालून जायचं तर दिवस मोडतो, हे त्यांना माहीत आहे. गाडीत बसताना त्यांनी मला जवळ बोलावलं. इतक्या हळू बोलले की कान पुढे करावा लागला. "काय पाटील, छत्रीखालचा गणपती जागचा हलला की नाही?"

मानसिंग, ते वाक्य मी फक्त तुला लिहिलं होतं.

तुझ्याकडून उत्तर आल्याशिवाय मला त्याच्यावर काही म्हणायचं नाही. इकडची हकीकत एवढीच की गाव आता नदीवर चिडलेला नाही, साहेबांवर चिडलेला नाही. माझ्यावर चिडलेला आहे. "गळकी का आसंना, नाव व्हती," असं तोंडावर म्हणतात. पोरींची शाळा सुटली. दूध नासायला लागलं तेव्हा लोकांनी आमच्या गुऱ्हाळाची काहील, रस आटवायची मोठी कढई, मागितली. ऊस संपलाय, काहील रिकामीच पडली होती. नाही कसं म्हणू? तिला चार भोपळे बांधलेत. तीन-चार माणसं आत बसतात, जोतिबा आणि आणखी एकजण पोहत ढकलत नेतात. आमच्या आजोबांच्या काळी असंच जायचे म्हणे.

काहील पाण्यात पडली की चंदनबाला दार लावून आत बसते.

रामगोंडा


सातारा,
ता. २ जुलै १९४४

प्रिय रामगोंडा,

तुझं ते पहिलं पत्र माझ्या मेजावर पडलेलं होतं. कचेरीत लोक येतात जातात. साहेबांनी कधी उचलून वाचलं असेल तर मला माहीत नाही. एवढ्यावरून तू माझ्याबद्दल काही मनात आणू नयेस.

आता महत्त्वाचं. काहील बंद कर. परवा इथं एक जमादार येऊन विचारत होता की आंबेडोहला रात्री-अपरात्री कुणाच्या काहिलीतून माणसं पार होतात. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. लालासाहेब शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. पण घाई काय आहे?"

रामगोंडा, त्यांना ती काहील थांबवायची नाही. ती चालू राहावी असं त्यांना वाटतंय. का ते मला सांगता येत नाही, पण त्यांचा चेहरा मी पाहिलाय. काहील घरी आणून पालथी घाल आणि लोकांना पुलानं जाऊ दे. शिव्या खा. शिव्यांनी माणूस मरत नाही.

तुझा,
मानसिंग


आंबेडोह,
ता. ४ ऑगस्ट १९४४

भावोजी मानसिंगराव यांस,

चंदनबालाचा जय जिनेंद्र. हे लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. माझ्या अक्षराला हसू नका.

तुमचं पत्र आल्यावर यांनी काहील घरी आणली होती. आठवडाभर परसात पालथी होती. मग रंगूबाई आली. म्हणाली, "चंदन, पुलानं जाऊन येईस्तवर दूध फाटतंय. गिऱ्हाईक तुटलं तर पुन्ना जोडत न्हाई. आकाराम आल्यावर त्याला काय दावू, मोकळी दावन?" हे नाहीच म्हणत होते. तिनं जोतिबाला बोलावलं, आणखी दोघी आल्या. शेवटी काहील गेली, आणि रोज जाऊ लागली. मी काही बोलले नाही, हे तुम्हाला सांगून ठेवते. रंगूबाईला नाही म्हणणं मला जमलं नाही.

गेल्या शुक्रवारी पाणी चढलं होतं. जाताना नीट गेल्या. येताना रंगूबाई आणि कुंभाराची सून दोघीच होत्या. जोतिबाच्या जोडीला पोहणारा आला नव्हता, म्हणून हे स्वतः उतरले. मी काठावर होते. नदीच्या मध्यावर वरून एक बाभळीचं खोड आलं, मुळ्यांसकट. मला दिसलं, त्यांना दिसलं नाही. मी ओरडले. खोड काहिलीला लागलं तसा घंटेसारखा आवाज झाला. काहील नुसती कलंडली आणि भरली. यांनी कुंभाराच्या सुनेचे केस धरले. जोतिबा रंगूबाईकडे गेला. तिच्या कमरेला रिकाम्या घागरी दोरीनं बांधलेल्या होत्या, वाहून जाऊ नयेत म्हणून. घागरीत पाणी शिरलं. जोतिबानं तिचा हात धरला होता, म्हणतो. तिनंच सोडवला, म्हणतो. दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडली.

सगळा वेळ ती नाव करंजाखाली उभी होती. जोतिबा काठावर आला तो नावेपाशी गेला आणि कुलूप हातात धरून बसून राहिला. पावसानं लाख धुतली जात नाही हो भावोजी.

पंचनाम्याला फौजदार आले, लालासाहेब आले. साहेबांनी लिहून दिलं की लोकांच्या जिवासाठी मी नाव बंद केली, तीही रामगोंडा पाटलाच्या अर्जावरून. अर्जात नाव बंद करा अशीच मागणी होती, असंही लिहिलं. काहील पाटलाची, आणि बिनपरवाना माणसं नेण्याचा धंदा पाटलाचा. जोतिबाला चावडीत बसवून मारलं. हे पुढे झाले, म्हणाले, काहील माझी आहे, त्याला सोडा. तेव्हा दोघांनाही नेलं. जामिनावर घरी आल्यापासून हे जेवताना घास हातात धरून बसतात.

महिनाअखेर प्रांतसाहेब चौकशीला येणार आहेत. गावात साक्षीला कुणी तयार नाही. अर्जावर अंगठा दिलेले आता म्हणतात, आम्हाला काय लिहिलंय ते माहीतच नव्हतं. अर्ज तुम्ही पाहिलात. साहेब काय काय बोलले ते तुम्ही ऐकलंत. तुम्ही येऊन तेवढं सांगाल का? दुसरं काही मागत नाही.

आपली,
चंदनबाला


सातारा,
ता. १२ ऑगस्ट १९४४

सौ. वहिनींस,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र वाचून जेवण गेलं नाही. रंगूबाईंनी मला एकदा नावेत ताक पाजलं होतं.

पण वहिनी, मी येऊन काय होणार? मी नवा, कच्चा कारकून. अर्ज मी उडत उडत पाहिला होता, शब्दन् शब्द आठवत नाही. हेडक्लार्कनं परवा आपण होऊन मला सांगितलं की पुढच्या महिन्यात तू कायम होशील, मात्र तोंड सांभाळ. घरी आई आहे, पाठच्या दोन बहिणींची लग्नं आहेत. तुम्ही समजून घ्याल.

मी एक चांगला वकील सुचवतो. रामगोंडाला म्हणावं, धीर सोडू नकोस.

आपला,
मानसिंग


आंबेडोह,
ता. १३ सप्टेंबर १९४४

मानसिंग,

पुन्हा तुला पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं.

तू चावडीत शिरलास तेव्हा मला वाटलं, साहेबांच्या बाजूनं आला आहेस. त्यांनाही तसंच वाटलं. त्यांनी सरकून तुला जागा दिली. तू बसला नाहीस. प्रांतसाहेबांनी विचारलं, कोण तुम्ही? तू म्हणालास, "मी रामगोंडाचा मित्र होतो." हे 'होतो' मला लागलं गड्या.

मग जे सांगितलंस ते सगळ्यांनी ऐकलं. माझं पहिलं पत्र तूच साहेबांना वाचून दाखवलंस. ते हसतील, ओशाळतील आणि फळ्या बदलून देतील, म्हणून. आणि ते हसले. अर्ज आल्यावर मात्र म्हणाले, "फळी काय मागतो, नावच बंद करून देतो तुझ्या मित्राला. येईल पाया पडत." हे सांगताना तुझा आवाज असा होता की मला खाली बघावं लागलं. लालासाहेब म्हणाले, "हा खोटं बोलतो, याची नोकरी जाणार आहे म्हणून." तू म्हणालास, "जाणार नव्हती. आता जाईल."

तू घरी न येता परस्पर गेलास. चंदनबालानं तुझ्यासाठी स्वयंपाक वाढवला होता.

निकाल असा. माझ्यावरचा आणि जोतिबावरचा आरोप काढून घेतला. लालासाहेबांची बदली झाली, कारण प्रकृती. शिक्षेचा शब्द कुठं नाही. आणि नाव? मोहोर काढायचा हुकूम सोमवारी आला. पलीकडून दोन सुतार आणले. दुपारी काम सुरू केलं आणि दिवस मावळायच्या आत दोन्ही फळ्या बसल्या. लोक बघत उभे होते. एवढंच काम होतं. जोतिबा तेवढा मोठ्यानं रडला.

आकारामची पत्रं रंगूबाई माझ्याकडूनच लिहून घ्यायची. सुरुवात ठरलेली असायची, "हिकडं समदं ठीक हाय." परवा मी त्याला लिहायला बसलो. त्याच्या म्हशी आमच्या गोठ्यात आहेत, हे लिहिलं. बाकीचं लिहायला दोन दिवस लागले.

गावात अजून म्हणतात की अर्ज केला नसता तर ती जगली असती. खरंच असेल. मी रात्रंदिवस तेच जोखतो. अर्ज केला नसता तर ती नाव एक दिवस पोरींना घेऊन गेली असती, असं स्वतःला सांगतो. पण न बुडालेल्या पोरी कुणाला दाखवता येत नाहीत. रंगूबाई सगळ्यांना दिसते.

कधी येतोस? नाव चालू आहे.

तुझा,
रामगोंडा


मोरवणे, कोयनाकाठ,
ता. ५ ऑक्टोबर १९४४

प्रिय रामगोंडा,

नोकरी गेली. आईनं दोन दिवस तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली, बरं झालं, शेताकडं बघ. वडूजला आलो. पण मन लागेना. जायच्या आधी कचेरीत एक गोष्ट ऐकली होती. लालासाहेबांना या कोयनेच्या खोऱ्यातले नावेचे उतार तपासायला दिले आहेत. सगळेच्या सगळे.

आधी वाटलं, तुला विचारावं. मग वाटलं, विचारायचं काय त्यात? म्हणून काल इथं आलो.

हस्ताचा पाऊस लागलाय, नदी अजून उतरलेली नाही. पाटलाच्या ओसरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. फळ्या, कुलूप, काहील, रंगूबाई. त्यांनी नीट ऐकून घेतलं, दूध दिलं. मग पाटील म्हणाले, "आवं पावणं, तुमच्याकडं झालं आसंल. हितं लय साधा माणूस हाय. आला, कोंबडी खाल्ली, सही केली, गेला. कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. येवढ्यासाठी कोन अर्ज करतंय?"

मी म्हटलं, "नाव त्यांनी बघितली का?"

"नाव काय बघायची? रोज बघतोच की आमी."

मी त्यांच्याशी भांडलो नाही. हेच सगळं मी तुला मे महिन्यात लिहिलं होतं, जवळपास याच शब्दांत.

परत यायला नावेशिवाय वाट नव्हती. बसलो. बाजाराचा दिवस, माणसांची दाटी, दोन शेळ्या. मध्यावर आलो तेव्हा माझ्या पायांना गार लागलं. खाली बघितलं तर घोट्यापर्यंत पाणी. शेजारच्या बाईनं लुगडं सावरून पाय वर घेतले आणि मला म्हणाली, "घ्या वर. तसंच आसतंय." नावाड्याच्या हातात उपसायचं भांडं होतं आणि तो घाईत नव्हता.

अलीकडे उतरलो. नाव लगेच दुसऱ्या खेपेला परत गेली. पलीकडे माणसं उभीच होती, मघापेक्षा जास्त. ती चढायला लागली तसा मी पाण्याच्या कडेला जाऊन ओरडलो. एवढी माणसं घेऊ नका, फळी गेलीय, थांबा. दोन्ही हात वर करून पुन्हा पुन्हा ओरडलो. पाण्याच्या आवाजात शब्द पोचले नसावेत.

त्यांना वाटलं, पाव्हणा निरोप घेतोय. त्यांनीही हात हलवले.

तुझा,
मानसिंग